कवळी बनवणाऱ्याला रुग्ण दाखवा

दवाखान्यांची पार्सलं सकाळी साडेदहाच्या सुमाराला येऊ लागतात. डब्यात ओल्या कापसात गुंडाळलेलं माप आणि रबरबँडने अडकवलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर रुग्णाचं नाव, ‘कम्प्लीट डेंचर’, ‘शेड ए-टू’ आणि खाली दोनदा अधोरेखित केलेलं ‘अर्जंट’. सांगलीत कवळ्या आणि कॅप बनवण्याची माझी लहानशी लॅब आहे. या चिठ्ठ्या वाचण्यात माझं उभं आयुष्य गेलं. ज्याच्या तोंडात ही कवळी पुढची पाच-सात वर्षं राहायची, त्याचं वय काय, चेहरा लांबट की गोल, हसताना हिरडी दिसते का, आधीची कवळी होती का आणि ती का टाकून दिली, यातलं काहीही त्या चिठ्ठीवर नसतं.

कवळी बनवणाऱ्यांच्या शिक्षणाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते इथूनच सुरू होतं. कायद्याच्या भाषेत आम्ही डेंटल मेकॅनिक; व्यवहारात सगळे टेक्निशियन म्हणतात. आमचा माणूस साच्यावर शिकतो, साच्यावर काम करतो आणि साच्यावर काम करतच म्हातारा होतो. बारावी विज्ञाननंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून माझ्याकडे आलेल्या मुलामुलींपैकी बहुतेकांनी दात नसलेलं तोंड कधी जवळून पाहिलेलं नव्हतं. जिभेखाली कवळीला किती जागा मिळते, गाल आत कसा ओढला जातो, बोलताना ओठ किती वर जातो, हे त्यांनी पुस्तकातल्या चित्रात पाहिलेलं असतं. त्यात त्या मुलांचा काही दोष नाही. त्यांना कोणी नेऊन दाखवलंच नाही.

काम काय असतं ते थोडं सांगते, कारण बाहेरच्या माणसाला कवळी म्हणजे गुलाबी प्लॅस्टिकमध्ये रोवलेले दात वाटतात. डॉक्टर पहिलं माप घेतात. त्यावरून आम्ही त्या एकाच जबड्यासाठी वेगळा ट्रे बनवतो. त्या ट्रेने दुसरं, खरं माप घेतलं जातं. गाल, ओठ, जीभ हलवून कडा बारकाईने नोंदवल्या जातात. मग स्टोनचा साचा ओततो आणि त्यावर मेणाचे कठडे उभे करतो. ते तोंडात ठेवून डॉक्टर दोन जबड्यांमधलं अंतर आणि मिटण्याची जागा ठरवतात. साचे आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्याच्या हालचालीची नक्कल करणाऱ्या उपकरणावर, चढतात आणि मग आमचं खरं काम सुरू होतं, सेटिंग. मेणावर एकेक दात लावायचा. वर चौदा, खाली चौदा.

वरचे पुढचे दोन दात कुठे बसतात यावर माणसाचा चेहरा ठरतो. हे दोन दात थोडे आत गेले की वरचा ओठ खचतो आणि माणूस आहे त्यापेक्षा म्हातारा दिसतो. थोडे खाली आले की हसताना दातच दात. सुळा किंचित बाहेर वळवायचा, बाजूचा दात जरा वर ठेवायचा, नाहीतर सगळी रांग दुकानातल्या नमुन्यासारखी दिसते. मागच्या दाढांना हलकी वक्र चढण द्यावी लागते, म्हणजे घास चावताना एका बाजूला जोर आला तरी दुसऱ्या बाजूची कवळी उचलली जात नाही. शिकाऊ मुलाला एका सेटिंगला पूर्ण दिवस लागतो आणि लागू द्यावा.

खालची कवळी ही आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी परीक्षा. वर टाळू असते, तिथे कवळी चिकटून बसते. खाली फक्त एक अरुंद कणा, मधे सतत हलणारी जीभ. त्यात दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं. आंत्ये तालग्रेन या संशोधिकेने पंचवीस वर्षांच्या नोंदी तपासून १९७२ साली दाखवून दिलं की खालचा जबडा वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतो. आपल्या भागात वर्षानुवर्षं मिश्री लावलेल्या, चाळिशीतच दात हलू लागलेल्या बाया साठीला दवाखान्यात येतात तेव्हा खाली कणा उरलेलाच नसतो, सपाट पट्टी असते. अशा साच्यावर दात कुठे लावायचे हे साचा सांगत नाही. ते त्या बाईची जीभ आणि गाल सांगतात, आणि ते मला दिसत नाहीत.

दात लागले, मेणावरची कवळी तोंडात घालून ट्रायल झाली की ती फ्लास्क या धातूच्या डब्यात ठेवून प्लास्टर भरायचं, उकळत्या पाण्याने मेण घालवायचं आणि त्या पोकळीत अ‍ॅक्रिलिक भरायचं. पावडर आणि लिक्विड मिसळल्यावर ते आधी वाळूसारखं रवाळ, मग तारा सुटणारं आणि मग कणकेसारखं मऊ होतं. त्याच टप्प्यावर पॅकिंग करायचं. लवकर केलं तर कवळीत भोकं राहतात, उशीर केला तर दात सरकतात. मग शिजवणं. पाणी चौऱ्याहत्तर अंशांवर दोन तास धरायचं आणि त्यानंतर तासभर उकळायचं, किंवा चौऱ्याहत्तरवरच आठ-नऊ तास ठेवायचं. लिक्विड शंभर अंशांच्या आसपास उकळतं आणि घट्ट होताना स्वतःही उष्णता सोडतं, म्हणून पाणी एकदम तापवलं की जाड भागात आत बुडबुडे धरतात. शिजलेला फ्लास्क आपोआप गार होऊ द्यायचा. नळाखाली धरून गार केला की कवळी वाकते आणि टाळूला बसत नाही.

ज्या मास्तरांकडे मी हे शिकले त्यांच्या कपाटात एक जुना व्हल्कनायझर होता, अ‍ॅक्रिलिक येण्याआधी रबराच्या कवळ्या दाबाखाली शिजवायचा. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅक्रिलिक आलं आणि रबर मागे पडलं. मास्तर ते यंत्र पुसून ठेवायचे आणि नव्या मुलाला पहिल्या दिवशी दाखवायचे. शिजवायची घाई करायची नाही, हा त्यांचा पहिला धडा होता. आज ‘अर्जंट’ चिठ्ठीच्या धाकाने अर्ध्या तासात फ्लास्क बाहेर काढणाऱ्या लॅब मी पाहिल्या आहेत. त्या कवळीला आतून भोकं असतात, त्यांत अन्नाचे कण आणि बुरशी साठते, हिरड्या लाल होतात आणि आजोबा म्हणतात, कवळी सोसत नाही.

तासगावकडचे एक कीर्तनकार बुवा आमच्याकडे आले तो प्रसंग सांगते. त्यांची कवळी दुसरीकडे झाली होती. दिसायला देखणी, काम स्वच्छ. पण ‘स’ म्हटला की शिट्टी वाजायची. ‘श्रोते माझ्या तोंडाकडे बघतात, ताई. विठ्ठलाकडे कोणी बघत नाही,’ असं ते म्हणाले. त्यांच्या डॉक्टरांनी मला दवाखान्यात बोलावलं, हा त्या डॉक्टरांचा मोठेपणा. मी बुवांसमोर बसले आणि त्यांना बोलतं केलं. त्यांच्याकडचा तरुणपणीचा फोटो मागवला. पुढचे दात मुळात चांगलेच पुढे होते. ज्याने कवळी बनवली त्याने साच्याप्रमाणे दात सरळ कण्यावर लावले होते. पुस्तकी नियमाने त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण बुवांच्या जिभेला साठ वर्षं ज्या जागी दात असायचे तिथे आता काही नव्हतं, आणि टाळूच्या पुढच्या भागात हवेला निसटायला जागा राहिली होती.

नव्या कवळीच्या ट्रायलला मी तिथेच स्पिरिट लॅम्प आणि मेणाची सुरी घेऊन बसले. डॉक्टर तोंडात ट्रायल ठेवत, बुवा बोलत, मी ती हातात घेऊन मेण गरम करून दात अर्धा मिलिमीटर पुढे घेत असे, पुन्हा तोंडात. इंग्रजी पुस्तकं रुग्णाला इंग्रजी आकडे मोजायला लावतात. मिरज तालुक्यातल्या शेतकऱ्याला ते कशाला? आपल्याकडे पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट आहेत, सासवड आहे, चमचा आणि जहाज आहे. मराठीतला ‘चमचा’तला च आणि ‘जहाज’मधला ज दातांमागे जीभ टेकवून निघतो, कवळीची टाळू जाड झाली की तोच आधी बिघडतो. बुवांनी ‘सहासष्ट’ तीनदा स्वच्छ म्हटलं आणि मग एक ओवी सुरू केली ती थांबेनात. तिथे माझ्यासोबत लॅबमधली शिकाऊ मुलगी होती. त्या एका तासात तिला पुढच्या दातांबद्दल जे कळलं ते मी वर्षभर साचा समोर ठेवून शिकवू शकले नसते.

हे सगळ्या मुलांना मिळावं, एवढंच माझं मागणं आहे. दंत महाविद्यालयात दात नसलेले रुग्ण रोज येतात. तिथे भावी डॉक्टर त्यांचं माप घेतात, कवळी देतात. जिथे मेकॅनिकचा अभ्यासक्रमही चालतो, तिथे दोन्ही विद्यार्थ्यांना एकाच रुग्णावर जोडीने का बसवू नये? पहिल्या मापापासून कवळी दिल्यानंतरच्या दुखण्या-खुपण्यापर्यंत मेकॅनिकच्या विद्यार्थ्याने किमान काही रुग्णांच्या पाठीशी राहावं. कवळी टोचते म्हणून आजी परत येते तेव्हा तिची हिरडी कुठे सोलली आहे हे त्याने स्वतः पाहावं. त्याने बनवलेली कवळी किती चांगली आहे हे त्याला तिथेच कळेल. यासाठी नवी इमारत नको, नवी यंत्रं नकोत. वेळापत्रकात जागा हवी. भावी डॉक्टरचाही यात फायदा आहे. एकदा लॅबच्या टेबलावर बसून ज्याने वाईट मापावर काम करून पाहिलं आहे, तो पुढे आयुष्यात वाईट माप पाठवत नाही.

देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं आहेत. त्या मानाने मेकॅनिक तयार करणाऱ्या संस्था फारच थोड्या. मग लॅबमधलं काम कोण करतं? दहावी झालेली, गावाकडून आलेली मुलं. आधी प्लास्टर कालवतात, मग साचे ओततात, ट्रिमिंग, पॉलिश आणि काही वर्षांनी सेटिंग. त्यांतली काही मुलं अप्रतिम कारागीर होतात. माझ्या माहितीतला सर्वांत चांगला सेटिंग करणारा माणूस कुठल्याही कॉलेजात गेलेला नाही. पण आपण असं का करतो हे कोणी त्यांना सांगितलेलं नसतं. लिक्विडने हाताची कातडी का फुटते, प्युमिसची आणि धातूची धूळ छातीत जाऊन काय करते, मास्क कोणता घालायचा, हेही नसतं सांगितलेलं. माझ्या ओळखीतले दोघे पन्नाशीच्या आत श्वासाच्या दुखण्याने कामातून उठले.

आता कायद्याचं. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यात डेंटल मेकॅनिकची व्याख्या आहे: कवळ्या आणि दातांची उपकरणं बनवणारी किंवा दुरुस्त करणारी व्यक्ती. राज्याच्या दंत परिषदेने अशा व्यक्तींची स्वतंत्र नोंदवही ठेवावी, अशी तरतूदही त्यात आहे. म्हणजे स्वातंत्र्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हा आपल्या लोकांनी या कारागिराचा विचार केला होता. इतक्या वर्षांनी परिस्थिती अशी की कवळीवर कोणी बनवली याची खूण नसते, बिलावर नाव नसतं, रुग्णाला लॅब कोणत्या गावात आहे हेही माहीत नसतं. औषधाच्या दुकानात फार्मासिस्टचं नाव आणि नोंदणी भिंतीवर लागतं. जी वस्तू माणूस वर्षानुवर्षं तोंडात ठेवणार, ती बनवणाऱ्याचं नाव लपवायचं काही कारण मला दिसत नाही. लॅबच्या चिठ्ठीवर टेक्निशियनचं नाव आणि नोंदणी क्रमांक आलाच पाहिजे.

पण नोंदणी सक्तीची करायची तर वर सांगितलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न येणार, आणि तो खरा आहे. त्याचंही उत्तर जुन्या कायद्यातच आहे. १९४८ साली पदवी नसलेले पण वर्षानुवर्षं त्याच व्यवसायावर पोट असलेले दंतवैद्य होते. त्यांना वाऱ्यावर न सोडता नोंदवहीचा ‘भाग ब’ ठेवला गेला. तसाच दरवाजा आज लॅबमधल्या अनुभवी कामगारांना उघडता येईल. त्यांची प्रत्यक्ष कामाची परीक्षा घ्या: एक सेटिंग, एक पॅकिंग, एक दुरुस्ती. कमी पडतं ते शिकवा. शनिवार-रविवारचे वर्ग घ्या, मराठीत घ्या. बारावी विज्ञान नाही म्हणून वीस वर्षं सुरेख दात लावणाऱ्या माणसाला अपात्र ठरवू नका. १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला आहे. नियम आणि अभ्यासक्रम नव्याने मांडायची वेळ हीच.

परदेशात हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला आहे. कॅनडात डेन्चरिस्ट हा स्वतंत्र परवान्याचा व्यवसाय आहे. टोरंटोच्या जॉर्ज ब्राउन कॉलेजात त्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. तिथला डेन्चरिस्ट स्वतः माप घेतो, कवळी बनवतो आणि रुग्णाला बसवून देतो. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यातल्या मतदारांनी १९७८ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्यातल्यांनी १९९४ मध्ये मतदान करून हा परवाना मिळवून दिला. दंतवैद्यांच्या संघटनांचा त्याला विरोध होता. आमच्यातले काही जण आपल्याकडेही तसंच हवं म्हणतात. माझं मत आज तरी वेगळं आहे. जत्रेत, बाजारात बसून, राहिलेल्या मुळांवरच कवळी चिकटवून देणारे लोक मी पाहिले आहेत. त्याखाली हिरडी सडते, आणि तोंडातली न भरणारी जखम कर्करोगाची असली तर ती ओळखायला डॉक्टरच लागतो. तंबाखू-मिश्रीच्या आपल्या मुलखात ही जोखीम घेऊ नये. मला रुग्णावर स्वतंत्र अधिकार नको. डॉक्टरांच्या शेजारी एक खुर्ची हवी.

यंत्रं हे सगळं सोपं करतील असं पुष्कळांना वाटतं. स्कॅनर, मिलिंग, छपाई केलेल्या कवळ्या, सगळं आलं आहे, येऊ दे. नवी मुलं स्क्रीनवर झिर्कोनियाची कॅप झरझर डिझाइन करतात, त्यात पैसाही बरा मिळतो, आणि कवळीचं सेटिंग शिकायला कोणी बसत नाही. पण स्क्रीनवर दात लावतानाही ते कुठे लावायचे हे ठरवावंच लागतं. सपाट झालेल्या खालच्या जबड्याच्या हलत्या कडा कुठल्याही कॅमेऱ्याला नीट धरता येत नाहीत. ज्याने एकदाही मेणावर दात लावून तो तोंडात घातलेला पाहिला नाही, त्याच्या हातात कितीही महागडं सॉफ्टवेअर दिलं तरी तो नमुन्यातलीच रांग लावणार.

गरज मात्र वाढतच जाणार आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे दहा कोटींहून अधिक लोक होते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी, कुबड्या, चष्मा, श्रवणयंत्र यांच्या यादीत कृत्रिम दातही आहेत. गरीब म्हाताऱ्या माणसाला चावता यावं याचा सरकारने विचार केला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण काठी शिबिरात हातात देता येते. कवळीला चार-पाच भेटी लागतात, त्यानंतर महिनाभर दुरुस्त्या लागतात, आणि दोन-तीन वर्षांनी हाड झिजलं की रिलायनिंग, म्हणजे कवळीला आतून नवा थर, लागतो. ते करायला तालुक्याच्या गावी शिकलेला टेक्निशियन हवा. सोलापूर, लातूर, धाराशिवच्या आतल्या गावांतून कवळ्या आजही पार्सलने मोठ्या शहरांकडे जातात आणि पार्सलने परत येतात. योजनेच्या यादीत दात लिहिले, पण ते बनवणाऱ्याच्या शिक्षणावर खर्चाची ओळ कुठे दिसली नाही. जिल्हा रुग्णालयात दंत विभाग असतो. त्याला जोडून एक लॅब आणि दोन प्रशिक्षणार्थी, विद्यावेतनासह, हे काही अशक्य नाही.

मुलींनी या कामाकडे वळावं असंही मला फार वाटतं. हात स्थिर हवा, नजर बारीक हवी, आणि रंगाची जाण हवी. आजीच्या काळ्यासावळ्या चेहऱ्याला पांढरेशुभ्र दात लावले तर ते परके दिसतात हे कळायला हवं. घराजवळ लॅब टाकता येते, भांडवल आटोक्यात असतं. पालक विचारतात, यात भविष्य काय? मी त्यांना माझी ऑर्डरची वही दाखवते.

तुमच्या घरात कोणाची कवळी करायची असेल तर माझी एवढी विनंती आहे. मेणावरच्या ट्रायलच्या दिवशी घरचं एक माणूस सोबत न्या, तरुणपणीचा फोटो न्या, आणि घाई करू नका. त्या दिवशी दात हलवता येतात, नंतर नाही. ‘सहासष्ट, सदुसष्ट’ म्हणून बघा. डॉक्टरांना विचारा, कवळी कोणती लॅब बनवते, तिथे नोंदणी असलेला टेक्निशियन आहे का, आणि ट्रायलला त्याला बोलावता येईल का. चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत. असे प्रश्न दवाखान्यात रोज येऊ लागले, तर अभ्यासक्रम बदलायला कोणत्याही समितीची वाट पाहावी लागणार नाही.